किती गेलं?

३ फेब्रुवारी, मंगळवार

माडीवरच्या खोलीतून दादा बोलला. दुपारी सव्वाचार वाजता, लख्ख उजेडात.

"कोणी आहे का? मी चालू आहे."

मी जिन्याच्या सातव्या पायरीवर. हातात युनियनची फाईल. फाईल पडली नाही, मी किंचाळले नाही – तसलं मला जमत नाही. फक्त पाय आठवी पायरी चढेना.

वर गेले. खोलीत कोणी नाही. टेबलावर दादाचा ट्रान्समीटर, हिरवा दिवा लागलेला, पाठ कोमट. मी त्याची एक काडी, विमान वळवायची ती छोटी दांडी, जराशी हलवली. त्याला तेवढंच हवं असतं. काडी हलली की पुढची दहा मिनिटं तो काही विचारत नाही.

भूत नाही. हे लिहून ठेवते, कारण भुताखेतांच्या विरोधात मी आयुष्यभर व्यासपीठं गाजवली आहेत. दादा जेट विमानं उडवायचा. माणसाएवढी लांब, आत खरंखुरं छोटं जेट इंजिन, आणि चालवणारा जमिनीवर, गळ्यात ट्रान्समीटर अडकवून. मी त्याला रिमोट म्हटलं की चिडायचा – "रिमोट टीव्हीचा!" हे यंत्र बोलतं. कारखान्यातून त्यात एका परक्या बाईचा आवाज आला होता. "घरात एक बोलणारी आहे तेवढी पुरे," माझ्याकडे बघून दादा म्हणाला, आणि सगळी वाक्यं स्वतःच्या आवाजात भरली. दहा मिनिटं कोणी काडीला हात लावला नाही की आजचं वाक्य येतं. चालू ठेवून कोणी विसरू नये म्हणून. एवढंच आहे ते.

पण चालू केला कोणी? येत्या नऊ मार्चला दादाला जाऊन वर्ष होईल. वर्षभर मी त्या बटणाला शिवले नाही. वहिनीला विचारलं. "मी कशाला जाते वर? माझे गुडघे बघितलेस का?"

घरात आम्ही दोघीच.

४ फेब्रुवारी

ट्रान्समीटरची स्वतःची बॅटरी काल पाऊण भरलेली होती. आज निम्मी. खोलीला मी कडी घातली होती.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दातांच्या डॉक्टरांचा फोन. आमच्या क्लबचे अध्यक्ष. बोलताना मध्येच थांबतात, समोरच्याने आता चूळ भरावी तसे.

"ताई, वर्ष होत आलं. जेट किती दिवस बंद ठेवायची? पंधरा मार्च ठरवतोय. बॅटरीचा नियम मात्र तुम्ही लिहायचा. सुरक्षा-सचिव तुम्ही आहात. आठ मार्चच्या सभेत मांडा. आणि पहिलं उड्डाण दादांच्या करड्या विमानाचं – उडवायचं तुम्ही."

हो म्हणून टाकलं. उचलली जीभ!

जेट रॉकेलवर उडतं. पण ते कोणाचं ऐकतं, हे बॅटऱ्या ठरवतात. तीन असतात. एक इंजिनाची – तिच्यावर रॉकेलचा पंप. ती गेली तर इंजिन बंद, विमान तरंगत खाली आणता येतं. उरलेल्या दोन रेडिओच्या – पंख, शेपूट, चाकं, ब्रेक सगळं त्यांच्यावर. एक नंबर आणि दोन नंबर. एक गेली तर दुसरीने सांभाळायचं. दोन्ही गेल्या तर चौदा-पंधरा किलोची वस्तू ताशी अडीचशेच्या वेगाने, आणि ती कोणाचीच नाही.

दोरीमागे साठ-सत्तर माणसं उभी असतील. पोरंबाळंसुद्धा. हात माझा असेल.

तेव्हा निवड चुकायची नाही. या वेळी नाही.

८ फेब्रुवारी

टेबलावर तीन जाती मांडून बसले. लिपो: हलकी, मागाल तितकी वीज एका दमात देते; पण तापट, पिळली तर फुगते, फुगली की पेटते. लि-आयन: साठा मोठा, वय मोठं, पण एकदम ओढ घेतली की दम लागतो. आणि लोखंडी – लिथियमबरोबर लोह असलेली. पेटत नाही, फुगत नाही, वर्षानुवर्षं टिकते, आणि शेवटच्या घोटापर्यंत विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, खाली येऊ देत नाही.

तीन वर्षांपूर्वी मीच क्लबला लोखंडी घ्यायला लावली होती. काय भाषण होतं! "ही बॅटरी थकली तरी खांदे पाडत नाही! कामगारासारखी आहे!" सगळ्यांनी आपापल्या लिपो बाजूला ठेवल्या. दादा एकटाच मागे बसून डोकं खाजवत होता. घरी येताना म्हणाला, "तोफ, जो कधीच थकलेला दिसत नाही, त्याची मला भीती वाटते." मी हसले. तोफ हे नाव त्यानेच ठेवलेलं. मी सात वर्षांची होते, तेव्हापासून.

चाचणीसाठी करड्या विमानाच्या पोटात वीज सोडली आणि ट्रान्समीटर लावला. त्याने आकडे सांगायला सुरुवात केली. दादाच्या आवाजात.

आपल्या भाषेत शंभरपर्यंतचे आकडे सगळे वेगळे. जोडून भागत नाही. दादाने शंभरच्या शंभर एकेक करून भरले, याच खोलीत, दोन दिवस. लक्ष देऊन ऐकलं तर प्रत्येक आकड्यात ही खोली ऐकू येते. सदतीसमध्ये नळ वाहतोय. एकोणसाठमध्ये खुर्ची करकरते. बहात्तरमध्ये कोणीतरी दार लावतं – मीच असणार, दाराचा आवाज माझा आहे. आणि चौदा हा आकडा नाहीच, तो प्रश्न आहे: "चौदा?" वहिनीने खालून विचारलं होतं, "कितीपर्यंत आलात?" त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. पुन्हा भर म्हटलं तर म्हणाला, "राहू दे. एक तरी आकडा शंका घेणारा असावा."

आज लिपो उतरवत होते. सोळा टक्के. पंधरा.

"चौदा?"

मी "हो" म्हणाले. मोठ्याने. रिकाम्या खोलीत.

१२ फेब्रुवारी

डेपोवर गेटसभा. दोनशे माणसं, ऊन, भोंगा. बोलले तासभर, घसा ठणठणीत. परत आले तर ट्रान्समीटरची बॅटरी पुन्हा खाली. मी काल रात्री पूर्ण भरून ठेवली होती.

तो दिवस कधी लिहिला नाही. लिहिते.

मागच्या वर्षीचा नऊ मार्च, रविवार. दादाचं चौथं उड्डाण. तो दोरीच्या पुढे, मी त्याच्या डाव्या खांद्यामागे – इतर विमानांवर नजर ठेवायला. ट्रान्समीटर म्हणाला, "दोन नंबर – सहा पूर्णांक पाच." दाबाचा छान आकडा. निर्धास्त आकडा. विमान लांबच्या टोकाला वळलं. मग दादा बोलला, गळ्यातला नव्हे, खरा. "ऐकत नाहीये."

दोन शब्द. ते वळण पूर्ण झालं आणि विमान आमच्याकडे यायला लागलं. नाक सरळ, आवाज न बदलता.

मी काही बोलले नाही! तीस वर्षं बोलते आहे. लाठीमारापुढे बोलले. "खाली बस" एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

मग बरंच काही. दातांचे डॉक्टर गुडघ्यांवर, त्यांचे हात कोपरापर्यंत लाल. आणि बरोबर दहा मिनिटांनी, गवतातून –

"कोणी आहे का? मी चालू आहे."

साठ माणसांनी ऐकलं. डॉक्टरांनी रांगत जाऊन बटण दाबलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

मैदानावर गेले. पंख्याची विमानं उडत होती. सगळ्यांनी जरा जास्तच चहा विचारला.

"ताई, मग काय, परत लोखंडीच का?" डॉक्टर.

"ठरवते आहे."

"आमची ही म्हणते, बॅटरी निवडायला जेवढा वेळ लावता त्याच्या अर्ध्यात मला पसंत केलं होतं. म्हटलं, म्हणूनच तर!" सगळे हसले. मग कोणीतरी म्हणालं, "बॅटरीवाल्याची नको म्हणजे झालं." हसणं थांबलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं – शाबासकीच्या नजरेने. माझंच वाक्य मला परत देत होते.

बॅटरीवाला. वीस वर्षं क्लबच्या बॅटऱ्या तोच बांधायचा. सेल निवडून, मोजून, जोडून. चौकशीच्या सभेत मोडक्या विमानाचे तुकडे टेबलावर होते. एक नंबरची पिन सैल निघाली; टेकलेली होती, आकडा दाखवत होती, वीज देत नव्हती. म्हणजे चारही उड्डाणं एकट्या दोन नंबरवर झाली. पण म्हणून तर दोन असतात! भरलेल्या दोन नंबरने चार उड्डाणं हसत केली असती. ती रिकामी निघाली. मी स्वतःच्या हाताने भरलेली. मग दोष कोणाचा? ज्याने बांधली त्याचा!

मी पंधरा मिनिटं बोलले. तो उभा राहून एकच वाक्य बोलला. "बाई, त्या सकाळी दोन नंबरमध्ये किती गेलं, तेवढं सांगा."

"माझा भाऊ गेला," मी म्हणाले, "आणि हे गृहस्थ विचारतात, किती गेलं!"

सभा उठून उभी राहिली. त्यानंतर त्याच्याकडे कोणी बॅटरी नेली नाही. पावसाळ्याच्या आधीच त्याच्या दुकानाची पाटी उतरली.

१६ फेब्रुवारी

कडी आतून लागत नाही, बाहेरूनच लागते. आज ती उघडी होती. आणि खोलीत खोबरेल तेलाचा वास.

२० फेब्रुवारी

लवकर परतले. चपला बाहेर काढल्या. जिन्यावर पुन्हा तेच – पण आज त्याला उत्तर मिळत होतं!

"कोणी आहे का? मी चालू आहे."

"आहे हो. इथेच आहे. वाटाणे सोलतेय."

मग वाटाणे ताटलीत पडल्याचे आवाज. मी सहाव्या पायरीवर टेकले. बघता बघता दहा मिनिटं झाली असावीत. पुन्हा तो. पुन्हा ती:

"आहे. नाही, अजून नाही सांगितलं तिला."

मी वर गेले. वहिनी दादाच्या खुर्चीत, मांडीवर ताटली, समोर ट्रान्समीटर. चोरी पकडल्यासारखी नाही. उलट मीच नको तेव्हा आलेली.

"गुडघे कसे आहेत?" मी विचारलं.

"जातात चढून हळूहळू. वन्सं, ओरडणार असलात तर आधी खाली चला. इथे नको."

वन्सं! एरवी मी 'तू'. रागावली की, नाहीतर घाबरली की, वन्सं.

"कोणाला काय नाही सांगितलं?"

ती वाटाण्यांत बोटं फिरवत राहिली. "चष्म्याचा नंबर वाढलाय गं. दोन वर्षं झाली. जवळचं काहीच दिसत नाही. तू लगेच डॉक्टरकडे ओढत नेशील म्हणून नाही बोलले."

बिचारी. वाटाण्यात अळी दिसेना म्हणून सोललेले पुन्हा मीच बघितले. उद्या चष्म्याला न्यायचं. आणि ट्रान्समीटर रोज मीच भरून ठेवणार. बोलू दे तिला त्याच्याशी.

गूढ सुटलं. तरी हे लिहिताना पाठ भिंतीला लावून बसले आहे. का, ते कळत नाही.

२४ फेब्रुवारी

आज लोखंडीची चाचणी पूर्ण केली. दोन सारख्या बॅटऱ्या घेतल्या. एक काठोकाठ भरली. दुसरी निम्मी ठेवली, कपाटात ठेवताना निम्मीच ठेवायची असते तशी. एक दिवस दोन्ही ठेवून दिल्या. आज मीटर लावला.

भरलेली – सहा पूर्णांक सात. निम्मी – सहा पूर्णांक सहा.

करड्या विमानात घालून सगळ्या मोटरी हलवल्या. भरलेली – सहा पूर्णांक पाच. निम्मी – सहा पूर्णांक पाच. तोच आवाज, तीच खात्री. निम्मी आणखी उतरवली, उतरवली, अगदी तळाशी नेली. सहा पूर्णांक चार. चार. चार. आणि मग एका मिनिटात कडेलोट.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. वाचलं होतं. भाषणात वापरलं होतं – गुण म्हणून!

मग लोखंडी भरलेली आहे हे कळतं कशावरून? दाबावरून नाही. एकाच गोष्टीवरून. भरताना तिच्यात किती गेलं.

किती गेलं. बॅटरीवाल्याने तेच विचारलं होतं. दादासुद्धा दर रविवारी निघताना तेच विचारायचा.

त्या दिवशी मी काय उत्तर दिलं?

२५ फेब्रुवारी

दादाचा जुना चार्जर माळ्यावर आहे. मागच्या साठ वेळा काय भरलं ते तो लक्षात ठेवतो. त्यानंतर तो कोणी वापरलेला नाही. मी नवा आणला. उद्या काढते.

२६ फेब्रुवारी

उद्या.

२७ फेब्रुवारी

डेपोत दिवसभर वाटाघाटी. व्यवस्थापकाला म्हणाले, "साहेब, कागद काढा! सत्याला कागदाची भीती नसते!" बोलता बोलता माझा मलाच आवाज परका वाटला. परक्या बाईचा. कारखान्यातून आलेला.

१ मार्च, रविवार

काढला. धूळ पुसली, वीज दिली. वर्षभर झोपलेलं यंत्र, पण पडदा लगेच उजळला. शेवटच्या दोन नोंदी, मागच्या वर्षीच्या नऊ मार्चच्या.

सकाळी ६.५२ – गेलं: १९६०.
सकाळी ७.४५ – गेलं: १४.

चार हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यावरून भरली की दोनेक हजार जातात. पहिली नोंद बरोबर. दुसऱ्या बॅटरीतही तेवढेच जायला हवे होते. गेले चौदा. चौदा कधी जातात? आधीच भरलेली बॅटरी पुन्हा लावली तर!

एक नंबर मी दोनदा भरली. दोन नंबर भरलीच नाही.

आता सगळं दिसतं. सकाळ. डेपोतून फोन, संपाचा ठराव. फोन खांद्यात धरून मी तोंडी मजकूर सांगते आहे – "कामगारांच्या सुरक्षेकडे दुर्लक्ष करणाऱ्या" – आणि चार्जर वाजतो, मी एक काढते, टेबलावर ठेवते, ठरावाचा पुढचा परिच्छेद, फेऱ्या मारते, परत येते, चार्जरजवळ पडलेली उचलते, लावते. अंगावरचा नंबर बघत नाही. तो पुन्हा वाजतो, लवकरच. पडद्यावर चौदा. मला चौदा दिसला होता! दिसला आणि मी तो खोडला, फोनवरच्या स्वल्पविरामासाठी.

अंगणातून दादा, विमान गाडीत चढवताना: "तोफ, किती गेलं?"

मी: "दोन्ही भरल्या! चल!"

माझा आवाज खणखणीत असतो. लोक विश्वास ठेवतात.

२ मार्च

"चौदा?"

आज ट्रान्समीटर बंद आहे. तरी.

४ मार्च

बॅटरीवाल्याकडे गेले. दुकानाच्या जागी आता पडदे विकतात. घर शोधलं. खिडकीशी टेबल टाकून विजेऱ्या दुरुस्त करत बसला होता. मला बघून उठला.

"बाई! या. चपला राहू द्या, फरशी थंड आहे."

मी उभ्याउभ्या सांगितलं. एकोणीसशे साठ. चौदा. त्याने हातातली विजेरी चालू केली, बंद केली.

"चौदा. म्हणजे तीच परत."

"तुम्हाला कळलं होतं?"

"शंका होती. किती गेलं विचारल्यावर तुम्ही आकडा दिला नाहीत, टाळी घेतलीत. म्हटलं, बाईंनी बघितलेलं नाही."

"मग ओरडला का नाहीत? भांडायचं होतं!"

"तुमच्याशी?" तो हसला, वाईट नव्हे. "माइक तुमच्याकडे होता. आणि बाई, भाऊ तुमचा होता. म्हटलं, हिला आत्ता कळलं तर ही घरी पोचायची नाही."

बायकोने पाणी आणलं. माझ्याकडे न बघता ठेवलं. बरोबर आहे तिचं.

मग कामाचं बोललो, कारण तेवढंच बोलता येत होतं. करड्यासाठी काय घालू? त्याने विचार केला. "लि-आयन. भारी ओढीची, जाड तारेची. तिचा दाब पायरीपायरीने उतरतो. दमली की दमल्यासारखी दिसते. तुमची लोखंडी वाईट नाही, पण ती मोजणाऱ्याची आहे, बघणाऱ्याची नाही. आणि नंबर नुसते लिहू नका. एकीला एक दोरा गुंडाळा, दुसरीला दोन. डोळे फसतात. बोटांना कळलं पाहिजे."

"तुम्ही बांधाल?"

"सभेनंतर विचारा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा – पण वळसा घालताना मी एक माणूस तुडवला.

६ मार्च

भाषणाचं टिपण केलं. चार पानं. फाडलं. पुन्हा दोन. तेही फाडलं. चांगलं होत होतं म्हणून फाडलं.

वहिनीला रात्रीच्या जेवणाआधी सगळं सांगितलं. नोंदी, चौदा, रविवारी बोलणार ते. वाटलं, ताट भिरकावेल. ती एवढंच म्हणाली, "नको बोलूस सभेत." का? "नको बोलूस. माझं ऐक." माझा हात धरून ठेवला, दुखेपर्यंत. मला वाचवू बघतेय. माणसं किती मोठी असतात!

८ मार्च, रविवार

सभा. बॅटरीवाला आला होता, शेवटच्या रांगेत, दाराजवळ. मी माइक बाजूला केला.

म्हणाले: "दोन नंबर भरलेली नव्हती. मी एक नंबर दोनदा भरली. यांनी मला किती गेलं विचारलं, मी उत्तर दिलं नाही, टाळ्या घेतल्या. बॅटरी निर्दोष होती. हा माणूस निर्दोष होता. माझा भाऊ माझ्या हातून गेला."

एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण.

मग नियम मांडला. जात कुठलीही घ्या; एकाने भरायची, किती गेलं ते मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. ज्याचा आकडा नाही त्याचं विमान जमिनीवर. दोरे – एकीला एक, दुसरीला दोन. दोरीपाशी भाषणाला बंदी. या शेवटच्यावर डॉक्टर हसू गेले आणि त्यांना रडू आलं. हात वर झाले, सगळे. सुरक्षा-सचिवपद सोडलं. करडं विमान पंधरा तारखेला डॉक्टर उडवतील. मी लिहिणारी.

बाहेर बॅटरीवाला करड्याच्या पोटाचं माप घेत होता. "जागा अरुंद आहे," म्हणाला. "बसेल."

९ मार्च

दुपारी वर गेले. वर्ष. वहिनी खुर्चीत, ट्रान्समीटर चालू, डोळ्यांवर नवा चष्मा. माझ्याकडे वळली नाही.

"काल तू सगळं स्वतःवर घेतलंस," म्हणाली. "त्या सकाळी टेबल मी आवरलं. तू भरून ठेवली होतीस ती उचलून चार्जरजवळ ठेवली. दुसरी उड्डाणाच्या डब्यात घातली. मला वाटलं, जी डब्यात घातली ती झालेली. नंबर दिसलाच नाही मला. वर्षभर रोज त्यांना सांगते – हात माझा होता, तिचा नव्हे. तुला सांगवेना."

ती अजून बोलत असती, पण मध्येच तो बोलला.

"कोणी आहे का? मी चालू आहे."

मग मी हात पुढे केला आणि काडी जराशी हलवली. आता दहा मिनिटं तो काही विचारणार नाही.